मुक्कामाची तारीख उलटते तेव्हा

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर बहुधा दहा वर्षांपुढची तारीख छापलेली असते. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले आईवडील ती वाचतात आणि निर्धास्त होतात. पण दहा वर्षांची ती मुदत दारापर्यंत येण्याची असते. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद ‘आय-९४’ मध्ये होते. बहुतेकांना सहा महिने मिळतात. विमानाने येणाऱ्यांच्या हातात २०१३ पासून या नोंदीचा कागद दिला जात नाही, ती संकेतस्थळावर जाऊन बघावी लागते. नातवंडाच्या कौतुकात ते राहून जाते आणि खरी तारीख कधी उलटली हे कळतही नाही.

कोकणातली गोष्ट वेगळी. म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली या भागांतून आखातात जाण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आज त्या वाटेवरचा तरुण पुष्कळदा नोकरीच्या व्हिसावर जात नाही, ‘व्हिजिट’वर जातो. दोन महिन्यांत काम मिळेल, मग व्हिसा बदलून घेऊ, असे एजंटाने सांगितलेले असते. काम मिळत नाही, किंवा मिळते आणि कागद होत नाहीत. मुदत संपते, दंड चढू लागतो आणि घरी फोनवर मात्र सगळे ठीक असल्याचे सांगितले जाते.

मुक्कामाची मुदत उलटल्यावरही परदेशात राहणे याला सगळेजण ‘ओव्हरस्टे’ म्हणतात. वेगवेगळ्या देशांचे त्याबद्दलचे नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. स्वतःहून पुढे येणारा आणि पकडला जाणारा यांच्यात बहुतेक कायदे फरक करतात, आणि लवकर बोलणारा व उशिरा बोलणारा यांच्यात तर फारच मोठा. अडकलेला माणूस मात्र भीतीपोटी नेमका गप्प बसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. या बाबतीत झाकलेली मूठ दिवसागणिक रिकामी होत जाते. या प्रश्नाचा आढावा घेण्यामागे हीच तळमळ आहे.

मुदत का उलटते

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. ती दृश्ये पाहून अनेक घरांत धास्ती बसली. त्या विमानातले बहुतेकजण सीमा चोरून ओलांडताना सापडलेले होते. ओव्हरस्टे करणारा माणूस वैध व्हिसावर, तपासणी होऊन, रीतसर दारातून आत आलेला असतो. कायद्याच्या लेखी हा फरक मोठा आहे आणि पुढचे काही मार्ग केवळ त्याच्यामुळेच उघडे राहतात.

मुदत उलटण्याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण तारीख चुकीची वाचणे. ही चूक यापुढे वाढण्याची शक्यता आहे, कारण एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने नियमाने प्रवास करणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा आणि नंतर पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा देण्याचे धोरण स्वीकारले आहे. व्हिसा पाच वर्षांचा असला तरी शेंगेनच्या २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. हा हिशोब रोज पुढे सरकतो. आजपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांतले किती आत काढले ते बघायचे. पोहोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस हे दोन्ही त्यात धरायचे.

दुसरे कारण माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टी. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी विमानप्रवास नाकारला, आईचा पाय मोडला. २०२० च्या मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबवली आणि ७ मे पासून ‘वंदे भारत’ची विमाने सुरू होईपर्यंत असंख्य पाहुणे जिथल्या तिथे अडकले. तेव्हा संयुक्त अरब अमिरातीने व ब्रिटनने सरसकट मुदती वाढवल्या. अमेरिकेने तसे केले नाही. ज्याने त्याने मुदतवाढीचा अर्ज करावा, असे तिथे सांगितले गेले. संकट सारखेच होते, पण एका ठिकाणी न मागता सवलत मिळाली आणि दुसऱ्या ठिकाणी मागावी लागली.

तिसरे कारण रोजगार, आणि ते जरा खोलात जाऊन समजून घ्यायला हवे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारी परवानगी घ्यावी लागते. या परवानगीच्या निमित्ताने त्याचा करार नोंदवला जातो, मालकाचे नाव सरकारदरबारी राहते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा उतरवला जातो. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरचा कर, याहून जास्त घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर पाठवले की यातले काहीच करावे लागत नाही. एजंटाचे काम सोपे होते आणि कामगाराच्या अंगावरचे सगळे कवच निघून जाते. अमिरातीत व्हिजिटवर आलेल्याला नोकरी मिळाली तर देशाबाहेर न जाता व्हिसा बदलता येतो, हेही खरे आहे. एखाद्याचे असे काम झालेले गावाने पाहिलेले असते, आणि म्हणूनच हा मार्ग मोह घालतो.

चौथे कारण निव्वळ फसवणूक. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची संगणकावरची नोकरी आहे असे सांगून तरुणांना पर्यटक म्हणून बँकॉकला नेले गेले आणि तिथून म्यानमारच्या म्यावड्डी भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ जणांना मायदेशी आणले. बंदुकीच्या धाकाखाली कोंडलेला माणूस व्हिसाची तारीख कशी पाळणार?

याखेरीज जाणूनबुजून राहणारेही आहेत. पोट, प्रेम, मुलांचे शिक्षण, परत जाऊन तोंड दाखवण्याची लाज अशी त्यांची कारणे असतात. मोजताना कायदा आधी दिवस बघतो, कारणांकडे त्यानंतर वळतो आणि तेही कोणी पुढे येऊन ती सांगितली तरच.

दिवसांचा दंड

काही देशांत ओव्हरस्टेचा हिशोब प्रामुख्याने पैशांत होतो. अमिरातीने ऑक्टोबर २०२२ पासून दंडाचा दर एकसारखा केला. तो दिवसाला ५० दिरहम आहे. आकडा लहान वाटतो, पण वर्षभरात त्याचे १८,२५० दिरहम, म्हणजे चार लाख रुपयांच्या आसपास होतात. ज्याला नोकरीच मिळाली नाही त्याने ही रक्कम कुठून आणायची? दंड भरल्याखेरीज विमानात बसता येत नाही, बसता येत नाही म्हणून दंड वाढत राहतो. त्यातच व्हिसा काढून देणाऱ्या कंपनीने ‘फरार’ म्हणून तक्रार नोंदवली की गुंता आणखी घट्ट होतो. आखातातल्या कामगारांच्या बोलीत अशा बिनकागदाच्या माणसाला ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. तो मिळेल त्या मजुरीवर राबतो, आजारी पडला तरी दवाखान्यात जायला बिचकतो आणि मजुरी बुडाली तर तक्रार करू शकत नाही.

इंडोनेशियात ६० दिवसांपर्यंतच्या उशिराला दिवसाला दहा लाख रुपिया, म्हणजे साधारण पाच हजार रुपये पडतात. त्यापुढे हद्दपारी आणि प्रवेशबंदी. थायलंडमध्ये दंड दिवसाला ५०० बाट असून तो २०,००० बाटच्या वर जात नाही, म्हणजे चाळीस दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. पण तिथला खरा धडा दंडात नाही, मार्च २०१६ पासून लागू झालेल्या प्रवेशबंदीच्या नियमांत आहे. ९० दिवसांहून जास्त राहिलेला माणूस स्वतःहून विमानतळावर हजर झाला तर त्याला एक वर्षाची बंदी होते. वर्षाहून जास्त राहिलेल्याला तीन वर्षांची, तीनहून जास्त राहिलेल्याला पाच आणि पाचहून जास्त राहिलेल्याला दहा. याउलट तो पकडला गेला, तर मुदत उलटून वर्ष झालेले नसले तरी थेट पाच वर्षे, आणि वर्षाच्या वर गेला असेल तर दहा. स्वतःहून येणे आणि सापडणे यांतला फरक इतक्या उघडपणे मांडणारा तक्ता क्वचितच बघायला मिळतो. जपानमध्येही पात्र माणूस स्वतः हजर होऊन निघाला तर बंदी एका वर्षाची असते, एरवी ती पाच किंवा दहा वर्षांवर जाते.

वर्षांची बंदी

अमेरिकेत रोजचा दंड नाही, तिथे भविष्य गहाण पडते. मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिले तरी हातातला व्हिसा रद्द ठरतो आणि नवा व्हिसा मायदेशातूनच मागावा लागतो. १९९६ च्या कायद्याने त्यापुढच्या पायऱ्या घातल्या आहेत. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि वर्षाच्या आत माणूस निघाला तर तीन वर्षे प्रवेश नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर दहा वर्षे. अठरा वर्षांखालच्या मुलांचे दिवस या हिशोबात धरले जात नाहीत.

या तरतुदीत एक विचित्र पेच आहे. बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. त्यामुळे वर्षभर जास्त राहिलेल्या माणसाला ‘निघून जा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही. तपासणी होऊन रीतसर आत आलेला माणूस अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी असेल, आईवडिलांपैकी असेल (मुलाचे वय किमान २१ हवे), किंवा २१ वर्षांखालचे अविवाहित अपत्य असेल, तर मुदत उलटली असली तरी त्याला तिथेच राहून कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तो घाबरून विमानात बसला तर हाच मार्ग दहा वर्षांसाठी बंद होऊ शकतो. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने स्वतःहून निघून जाणाऱ्यांना प्रवासखर्च आणि एक हजार डॉलर देण्याची योजना जाहीर केली. त्या पैशांनी १९९६ च्या कायद्यातली बंदी पुसली जात नाही. म्हणून अमेरिकेपुरते सांगायचे तर निघण्याआधी स्थलांतर कायद्याच्या अधिकृत वकिलाशी बोलावे. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव त्याच्या प्रकरणापुरता खरा असतो. आपले प्रकरण वेगळे असू शकते.

ब्रिटनमध्ये व्हिसा दोन, पाच वा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारणपणे सहा महिनेच राहता येते. उशीर ३० दिवसांच्या आत असेल आणि माणूस स्वखर्चाने निघाला तर त्या उशिरामुळे पुन्हा प्रवेशावर ठरलेली बंदी येत नाही. त्याहून जास्त राहून स्वखर्चाने गेला तर बारा महिने, आणि हद्दपार व्हावे लागले किंवा अर्जात फसवणूक निघाली तर दहा वर्षे. ऑस्ट्रेलियात ही रेषा २८ दिवसांवर आहे आणि ती ओलांडली की तात्पुरत्या व्हिसांवर तीन वर्षांची बंदी येऊ शकते.

युरोपात आजवर एखादा शिक्का पुसट उमटला, एखादा राहून गेला, असे चालून जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवेश-निर्गमनाची संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहऱ्याचा आणि बोटांच्या ठशांचा नमुना घेतला जातो आणि दिवस यंत्र मोजते. ‘तिथे कोण बघतंय’ या भरवशावर राहण्याचे दिवस संपले.

जिथे तो गुन्हा आहे

सिंगापूरमध्ये मुदतीनंतर ९० दिवसांपर्यंत राहणाऱ्याला दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापुढे गेले तर कैदेबरोबर छडीचे किमान तीन फटके, आणि स्त्रिया व पन्नाशीपुढचे पुरुष यांना छडीऐवजी दंड. मलेशियातल्या कायद्यात किमान दहा हजार रिंगिट दंड, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे व्हिसाविना ३० दिवस जाता येऊ लागले. व्हिसा लागत नाही म्हणून मुदतही नसते, असे मात्र कोणी समजू नये.

इतरांच्या कडक कायद्यांबद्दल बोलताना आपल्याही घरात डोकवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतात नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९४६ चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यानुसार मुदतीपुढे राहिलेल्या परक्या नागरिकाला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या आईवडिलांना परदेशात ज्या समजुतीने वागवले जावे असे वाटते, तीच समजूत पुण्यात किंवा मुंबईत अडकलेल्या परक्या माणसाच्या वाट्याला यावी, ही अपेक्षा न्यायाचीच आहे.

अर्धी उघडी दारे

कायद्याच्या पुस्तकात शिक्षेची पाने ठळक असतात, सवलतीची पाने शोधावी लागतात. पण ती आहेत. अमेरिकेत मुदत संपण्याआधी ‘आय-५३९’ हा अर्ज करता येतो. तो निदान ४५ दिवस आधी करावा असे तिथला विभागच सांगतो. अर्ज वेळेत आणि खऱ्या कारणासाठी केलेला असेल तर निर्णय होईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. डॉक्टरांचे पत्र, परतीचे नवे तिकीट, खर्च कोण करणार याचा पुरावा इतके जोडले की सांगायचे ते सांगून होते.

शेंगेन व्हिसाच्या नियमावलीत आपत्ती किंवा मानवी कारण असेल तर मुदत विनाशुल्क वाढवण्याची तरतूद आहे, आणि गंभीर व्यक्तिगत कारण असेल तर ३० युरो भरून. कॅनडात मुदत उलटल्यावरही ९० दिवसांच्या आत आपला दर्जा पूर्ववत करून मागता येतो. तिथे राहणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. म्हातारपणी लेकराजवळ राहावेसे वाटणे हा गुन्हा नाही, हे ओळखून केलेली ही व्यवस्था आहे. इतर देशांनी तिच्याकडे बघायला हवे. ऑस्ट्रेलियात मुदत उलटलेल्याला निघण्याच्या तयारीपुरता ‘ब्रिजिंग व्हिसा ई’ मागता येतो, म्हणजे तेवढे दिवस तरी तो कायद्याच्या आत राहतो.

माफीची लाट

आखातात दार उघडते ते माफीच्या मुदतीने. अमिरातीने १९९६, २००३, २००७, २०१३ आणि २०१८ मध्ये अशा मुदती दिल्या. २०२४ ची १ सप्टेंबरला सुरू झाली आणि मुदतवाढ मिळून ३१ डिसेंबरपर्यंत चालली. तिच्यात दंड माफ होता, पुन्हा येण्यावर बंदी नव्हती, आणि नोकरी मिळवून तिथेच कागद सरळ करण्याचीही मुभा होती. कुवेतने २०२४ मध्ये मार्च ते जून अशी मुदत दिली. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये दिली होती. अशा वेळी भारतीय दूतावासांसमोर रांगा लागतात. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवलेला, हरवलेला किंवा मुदत संपलेला असतो, मग ‘आउटपास’ काढावा लागतो. आपत्कालीन प्रवासाच्या या कागदावर माणूस फक्त घरी येऊ शकतो, पण तेवढेच त्याला हवे असते.

माफीचे मोल कोणी नाकारू नये. तिच्यामुळे कित्येक घरांतला माणूस परत आला. पण या तारखांमधली अंतरे बघावीत. दोन माफींच्या मध्ये अनेकदा कित्येक वर्षे गेली आहेत. मधल्या काळात अडकलेल्याने पुढची माफी येईपर्यंत काय करायचे? ‘पुढच्या माफीला बघू’ म्हणत वर्षे काढलेल्या माणसाची मुले ओळख विसरतात, आईवडील डोळे मिटतात. कधीतरी येणाऱ्या मोठ्या लाटेपेक्षा रोज उघडे असणारे लहान दार त्याच्या जास्त उपयोगाचे आहे. स्वतःहून येणाऱ्याच्या दंडाला मर्यादा घालावी, त्याची मजुरी बुडवणाऱ्या मालकाविरुद्धची तक्रार आधी ऐकावी आणि मग त्याला जाऊ द्यावे. निदान पहिली गोष्ट थायलंडमध्ये होते, म्हणजे ती अशक्य नाही.

हातात काय आहे

पहिली गोष्ट, प्रवासाआधी आणि पोहोचल्याच्या दिवशीच मुक्कामाची खरी तारीख शोधून ती दोन ठिकाणी लिहून ठेवणे. अमेरिकेत आय-९४, युरोपात व्हिसावरचा दिवसांचा आकडा आणि १८० दिवसांचा हिशोब. पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर मिळणारी तारीखही अलीकडची असू शकते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत ही जबाबदारी मुलांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट, अडचण दिसताच लिहिते होणे. रुग्णालयाचे कागद, रद्द झालेल्या विमानाचा निरोप, मालकाचे संदेश, एजंटाला दिलेल्या पैशांच्या पावत्या हे सगळे जपून ठेवावे. पुढे अधिकाऱ्यासमोर तोंडी हकिगतीपेक्षा त्यांचे वजन जास्त असते. आणि पुढच्या कोणत्याही व्हिसाच्या अर्जात जुना उशीर लपवू नये. उशीर काही वर्षांनी विसरला जाऊ शकतो, खोटे उत्तर मात्र बहुतेक देशांत वेगळा आणि जड अपराध ठरते.

तिसरी गोष्ट, दूतावासाशी संपर्क. पुष्कळांना वाटते की तिथे गेलो तर पोलिसांच्या हवाली करतील. दूतावासाचे काम आपल्या नागरिकाची मदत करण्याचे आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून, कामगाराची चूक नसेल तर, बेकायदा मुक्कामाचा लहान दंड आणि परतीचे तिकीटही देता येते. २०१५ पासून चालू असलेल्या ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर इकडून घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. अटक झालीच तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. तो मागावा लागतो, म्हणून तो माहीत असायला हवा.

चौथी गोष्ट आपली, म्हणजे अडकलेल्याच्या भोवतीच्या माणसांची. गावात पैसे पाठवणारा मुलगा मोठा आणि रिकाम्या हाताने परतलेला मुलगा वाया गेलेला, ही आपली मोजपट्टी त्याला तिकडे कोंडून ठेवते. परदेशातली महाराष्ट्र मंडळे गणपती उत्साहाने बसवतात. त्याच मांडवात वर्षातून एकदा जाणत्या वकिलाला बोलावून एक तास या विषयाला दिला, तर एखादे घर वाचेल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ग्रामपंचायतींनी, मशिदींच्या जमातींनी आणि चर्चच्या मंडळींनी ‘व्हिजिटवर नोकरीला जाऊ नका’ एवढे वाक्य जरी सतत सांगितले तरी एजंटाची अर्धी मिळकत बंद होईल.

सिंगापूरची छडी, अमेरिकेची दहा वर्षे, दुबईचे रोजचे ५० दिरहम हे वाचताना छातीत धस्स होते आणि त्या भीतीने माणूस आणखी आत सरकतो. हेच नियम नीट वाचले तर ब्रिटनमध्ये तिसावा दिवस, ऑस्ट्रेलियात अठ्ठाविसावा, कॅनडात नव्वदावा, अमेरिकेत एकशे ऐंशीवा, अशा त्यांत थांबायच्या जागा दिसतात. प्रत्येक जागी कायदा माणसाला विचारतो की अजून वेळ आहे, बोलतोस का? त्या दिवसाच्या आत त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेले असावे, तारीख मोजून देणारे, अर्ज भरायला मदत करणारे आणि ‘घरी ये, कोणी काही म्हणणार नाही’ असे सांगणारे. यातले शेवटचे वाक्य कोणत्याही सरकारला लिहून देता येणार नाही. ते घरच्यांनीच सांगायचे आहे.